आश्रय आणि आलंबन : आईबापांवाचून आलेल्या मुलांचे वाङ्मय

भवभूतीच्या 'उत्तररामचरिता'च्या चौथ्या अंकात एक लहानसा संवाद आहे. वाल्मीकींच्या आश्रमात जनक, कौसल्या व अरुंधती बसली असता खेळणाऱ्या बटूंमधील एक मुलगा त्यांच्या दृष्टीस पडतो. कौसल्या त्याला जवळ घेते व तुला आई आहे का, वडील आठवतात का, असे विचारते. मुलगा नाही म्हणतो. मग तू कोणाचा, असे विचारता तो आपण वाल्मीकींचा असे सांगतो. आणि थोड्याच वेळात यज्ञाचा घोडा आल्याची बातमी घेऊन सोबती येताच तो त्यांच्याबरोबर घोडा पाहावयास पळून जातो. डोळे भरून येतात ते मोठ्या माणसांचे. सर्व नाटकात करुणाचा एवढा पूर लोटला असता, ज्या दोन मुलांना अंगावरचे दूध सुटताच आईपासून वेगळे करून परक्या आश्रमात ठेवले, त्यांच्या वाट्याला भवभूतीने एकही अश्रू दिलेला नाही. त्यांना त्याने धिटाई दिली, भांडखोरपणा दिला, कुतूहल दिले.

आम्ही हा प्रसंग वर्षानुवर्षे शिकविला आणि प्रत्येक वेळी तो कौसल्येच्या बाजूने शिकविला. लवाच्या बाजूने तो कसा दिसेल हा प्रश्न आमच्या मनात आला नाही. युद्धामुळे वा छळामुळे आईबापांवाचून परमुलखात येऊन पडलेल्या मुलांविषयीचे काही पाश्चात्य ग्रंथ गेल्या काही वर्षांत वाचण्यात आले, तेव्हा या राहून गेलेल्या प्रश्नाची जाणीव झाली. प्रस्तुत लेखात त्या ग्रंथांतील तिघांचा विचार करावयाचा आहे : लोर सेगल यांचे 'अदर पीपल्स हाउसेस' (१९६४), डब्ल्यू. जी. सेबाल्ड यांची 'ऑस्टरलिट्झ' (२००१) आणि व्हालेरिया लुइसेली यांचे 'टेल मी हाऊ इट एन्ड्स' (२०१७). या मुलांच्या मनाविषयी मानसशास्त्रज्ञांनी जे लिहून ठेवले आहे त्याचाही आधार घ्यावा लागेल. कारण या विषयात वाङ्मय आणि वैद्यक ही परस्परांची साक्ष काढीत असतात, आणि कधी कधी परस्परांना खोटेही पाडतात.

प्रथम आपल्या साहित्यशास्त्राकडे वळू. भरताने करुण आणि विप्रलंभ यांमधील भेद मोठ्या मार्मिकपणे सांगितला आहे. करुण निरपेक्ष, विप्रलंभ सापेक्ष. जेथे पुनर्भेटीची आशाच उरली नाही तेथे शोक. जेथे आशा तगून आहे तेथे औत्सुक्य आणि चिंता. पुढील शास्त्रकारांनी या दोहोंच्या मध्ये करुणविप्रलंभ नावाची एक जागा काढली, पण ती कादंबरीसारख्या कथेसाठी, जेथे गेलेला पुन्हा जिवंत होणार हे दैवी वाणीने सांगितलेले असते. आता दहा वर्षांच्या एका मुलीला आगगाडीत बसवून दिले आहे. आई फलाटावर उभी आहे. आई मागाहून येईल की नाही हे कोणासच ठाऊक नाही. पुढे पत्रे येतात, मग येईनाशी होतात. आई मेली असे कोणी सांगत नाही, जिवंत आहे असेही कोणी सांगत नाही. हा करुण म्हणावा की विप्रलंभ? शोक करावा तर आईला मनातल्या मनात मारल्याचे पाप लागते. आशा धरावी तर रोजचे जगणे अशक्य होते. पॉलीन बॉस या अमेरिकन विदुषीने अशा अनिश्चित वियोगाचा स्वतंत्र विचार केला आहे. ज्याचा शेवट ठरत नाही त्या वियोगाचे दुःख माणसाला आवरून ठेवता येत नाही, हा त्या विचाराचा गाभा आहे. भरताने आखलेली सीमारेषा नेमकी ज्या ठिकाणी पुसट होते तेथेच ही मुले उभी आहेत.

दुसरी अडचण याहून मोठी आहे. विश्वनाथाने वत्सलाला रसपद दिले हे आपणांस माहीत आहे. पण त्या रसाची मांडणी पाहा. मूल हे आलंबन, आणि भावाचा आश्रय म्हणजे आई किंवा बाप. कृष्ण मथुरेस गेला म्हणजे यशोदेचा वियोग रंगविला जातो. मुलाने आईकडे पाहावे, मुलाच्या अंतःकरणात वियोगाने काय घडते हे सांगावे, यासाठी या मांडणीत जागाच ठेवलेली नाही. मराठीने ती जागा पुढे निर्माण केली, हे आम्ही अभिमानाने सांगू. साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेली 'श्यामची आई' आणि कवी यशवंतांची 'आई' ही कविता यांत मूल हाच आश्रय आहे. परंतु तेथे आई गेलेली आहे, हे निश्चित आहे. म्हणून तेथे निखळ करुण सिद्ध होतो आणि वाचकाचे अंतःकरण मोकळे होते. आमच्या शाळांतून 'माझी आई' हा निबंधाचा विषय पिढ्यान्‌पिढ्या दिला जातो. त्यातली भाषा या दोन कृतींनी घडविली आहे असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही. (वर्गात एखादे मूल कोरा कागद देते. त्याचा विचार आम्ही शिक्षकांनी फारसा केलेला नाही.)

आता वैद्यकाची साक्ष. १९४५ च्या ऑक्टोबरात इंग्लंडच्या ससेक्स परगण्यातील बुलडॉग्ज बँक नावाच्या घरात सहा मुले आणण्यात आली. तीन मुलगे, तीन मुली. वये तीनच्या आसपास. नाझींनी त्यांच्या आईबापांना ठार केले होते, आणि ती टेरेझीनश्टाटच्या छळछावणीत आईविना मुलांच्या विभागात वाढली होती. त्यांचा वृत्तान्त ॲना फ्रॉइड यांनी सोफी डान यांच्या साहाय्याने १९५१ साली प्रसिद्ध केला. करुण रसाची अपेक्षा ठेवून हा वृत्तान्त वाचावयास घेणाऱ्याची निराशा होते. ही मुले बिचारी नाहीत. ती खेळणी फोडतात, सामानाची नासधूस करतात, सांभाळणाऱ्या बायकांना मारतात, चावतात, त्यांच्यावर थुंकतात, जर्मनमध्ये शिव्या देतात. मोठ्या माणसाशी त्यांना कर्तव्य नाही. पण आपसांत? एकाला दुसऱ्यापासून क्षणभर वेगळे केले तरी ती बेचैन होतात. जेवताना स्वतः घास घेण्यापूर्वी शेजाऱ्याला मिळाला की नाही हे पाहतात. भावंडांत असतो तो मत्सर त्यांच्यात जवळजवळ नाही. घरच्या मुलांना आईचे प्रेम वाटून घ्यावे लागते म्हणून ती भांडतात. येथे वाटून घेण्यास आईच नव्हती, म्हणून त्यांनी एकमेकांनाच घर केले होते. लेखिकेचा निष्कर्ष असा की ही मुले अतिसंवेदनशील, अस्वस्थ, सांभाळण्यास अवघड खरी. परंतु ती ना मतिमंद, ना गुन्हेगार, ना वेडी. त्यांनी आपले प्रेम ठेवण्यासाठी दुसरी जागा शोधली होती, आणि तेवढ्या बळावर त्यांनी वर्षभरात नवी भाषाही आत्मसात केली.

अश्रूंवाचून मुलाचे दुःख जाणणे ही जी सिद्धी या वैद्यकीय निबंधास लाभली आहे, ती फार थोड्या कादंबऱ्यांस लाभली आहे. सेगल यांच्या पुस्तकाचे आम्हांस महत्त्व वाटते ते याचसाठी.

१९३८ च्या नोव्हेंबरात जर्मनी व ऑस्ट्रियात ज्यूंची घरे-मंदिरे जाळण्यात आली. त्यानंतर ब्रिटिश सरकारने सतरा वर्षांपर्यंतच्या मुलांना तात्पुरता प्रवेश देण्याचे मान्य केले. आईबापांना मात्र नाही. डिसेंबर १९३८ पासून सप्टेंबर १९३९ मध्ये युद्ध पेटेपर्यंत सुमारे दहा हजार मुले याप्रमाणे इंग्लंडात आली. व्हिएन्नाहून निघालेल्या पहिल्या गाडीत लोर ही दहा वर्षांची मुलगी होती. निघताना वडिलांनी तिला बजावले की इंग्लंडमध्ये जो भेटेल त्याला आईबापांना सोडविण्याची विनंती कर. मग त्या यादीत आजीआजोबा आले, मग इतर आप्त आले. दहा वर्षांच्या मुलीच्या खांद्यावर अख्ख्या कुटुंबाचे प्राण ठेवले गेले. येथून पुढे पुस्तकात जे घडते ते मनोविकारशास्त्राच्या कोणत्याही ग्रंथाने सांगावे इतके अचूक आहे. मुलगी खेळता खेळता हसते, आणि हसल्यावर तिला आठवते की एवढा वेळ आपण कोणाला वाचविण्याचा प्रयत्न केला नाही. आनंद आणि अपराध एकाच क्षणी जन्मास येतात.

यात एक सॉसेज आहे. निघण्याच्या आदल्या दिवशी मुलीने हट्ट धरला म्हणून आईने ते आणून दिले. तिने ते वाटेत खाल्ले नाही. छावणीत ते पिशवीत सडू लागले, त्याचा वास येऊ लागला. ते टाकवत नाही आणि ठेवताही येत नाही. एखाद्या भावविवश लेखकाने येथे आईचा फोटो ठेवला असता, किंवा तिचा रुमाल. सेगल यांनी सडका मांसाचा तुकडा ठेवला. आई दिली तीही नासली, आणि तिचा वास इतरांना येतो म्हणून लाजही वाटते : हा भाव कोणत्याही स्थायिभावात बसत नाही, पण तो खरा आहे हे वाचकाला तत्काळ पटते. आमच्या मते या विषयावरील सर्व वाङ्मयात एवढे अर्थपूर्ण विभाव दुसरे नाही.

दुसरा प्रसंग टीकाकाराला अधिक विचार करावयास लावणारा आहे. छावणीच्या खिडकीतून मुलीला बर्फात तग धरून राहिलेले एक गुलाबाचे फूल दिसते. ती पत्र लिहावयास बसते आणि ऑस्ट्रियातील ज्यूंना त्या गुलाबाची उपमा देते. पत्र फिरत फिरत योग्य व्यक्तीच्या हाती पडते, आणि घरगुती नोकरांसाठी मिळणाऱ्या परवान्यावर तिचे आईबाप मार्च १९३९ मध्ये, तिच्या अकराव्या वाढदिवशी, लिव्हरपूलला पोहोचतात. म्हणजे एका उपमेने दोन जीव वाचले. पुढे प्रौढ लेखिका मात्र त्या पत्राकडे टीकाकाराच्या नजरेने पाहते आणि ते रडू आणण्यासाठी लिहिलेले, भडक होते असे निःसंकोच म्हणते. करुण रसाच्या उपयुक्ततेवर याहून कडवट भाष्य आम्ही वाचलेले नाही. वाईट वाङ्मयाने माणसे वाचली. चांगल्या वाङ्मयाने ती वाचली असती की नाही, कोण जाणे. मुलीला एवढे मात्र त्या वयात कळले की मोठी माणसे दुःखाला पाझरत नाहीत, दुःखाच्या अलंकाराला पाझरतात. ज्या मुलाला हे कळले त्याचे बालपण तेथेच संपले असे आम्ही समजतो.

आणि पुनर्भेट? भवभूतीला नाट्यधर्मानुसार सातव्या अंकात सर्वांना एकत्र आणावे लागले. सेगल यांच्या पुस्तकात पुनर्भेट फार लवकर होते आणि तिने काही सुटत नाही. आईबाप आले ते दुसऱ्याच्या घरी स्वयंपाकीण आणि नोकर म्हणून. मुलीला त्यांच्याजवळ राहता येत नाही, ती एका परक्या घरातून दुसऱ्या परक्या घरात जात राहते. बाप पुढे शत्रुराष्ट्राचा नागरिक म्हणून काही काळ स्थानबद्ध होतो, आजारी पडतो. मुलीला आता आईबापांची लाज वाटते, आणि लाज वाटल्याची लाज वाटते. ज्यांच्या घरी ती राहते ती माणसे दुष्ट नाहीत. ती चांगली आहेत, त्यांना तिच्याकडून थोडे प्रेम आणि थोडी कृतज्ञता हवी आहे, आणि तेवढेच तिच्यापाशी नाही. पुस्तकाचे नाव 'दुसऱ्यांची घरे' असे आहे. त्या नावातच या वियोगाचे खरे स्थान दाखविले आहे. मूल आईपासून तुटते तो एक क्षण; दुसऱ्याच्या घरात उपकाराखाली राहण्याचे दिवस मात्र हजारो असतात.

येथे हान्स केल्सन यांची आठवण होते. हे स्वतः कादंबरीकार आणि मनोवैद्य. जर्मनीतून १९३६ साली हॉलंडात पळून आलेले. त्यांचे आईबाप ऑशविट्झला मारले गेले. हॉलंडमधील दोनशेवर अनाथ ज्यू मुलांचा दीर्घकाळ अभ्यास करून त्यांनी १९७९ साली ग्रंथ लिहिला. मुलांच्या आयुष्याचे त्यांनी तीन कालखंड पाडले : शत्रूने देश व्यापला तो, छळाचा, ताटातुटीचा व लपून राहण्याचा तो, आणि युद्ध संपल्यानंतरचा. निष्कर्ष अनपेक्षित होता. मुलांच्या पुढील मनःस्वास्थ्याचा संबंध दुसऱ्या, भयंकर कालखंडापेक्षा तिसऱ्या, शांततेच्या कालखंडाशी अधिक निगडित आढळला. ज्या मुलांना युद्धानंतर चांगला सांभाळ मिळाला, ती दुसऱ्या कालखंडात अधिक सोसूनही पुढे बरी राहिली. ज्यांना तो मिळाला नाही, ती आधी कमी सोसूनही ढासळली. सेगल यांनी पंधरा वर्षे आधी, कोणत्याही सांख्यिकीवाचून, हेच लिहून ठेवले होते. छळाचे वर्णन त्यांच्या पुस्तकात थोडे आहे. घरांचे वर्णन पुष्कळ.

'ऑस्टरलिट्झ'ची कीर्ती याहून कितीतरी मोठी आहे, आणि ती अयोग्य आहे असे आम्ही म्हणणार नाही. साडेचार वर्षांच्या मुलाला १९३९ मध्ये प्रागहून इंग्लंडला पाठविले जाते. वेल्समधील बाला गावचा एक कठोर धर्मोपदेशक व त्याची पत्नी त्याला वाढवितात, त्याचे नावही बदलतात. आपले खरे नाव त्याला शाळेत असताना कळते. तो वास्तुशास्त्राचा इतिहासकार होतो, आयुष्यभर स्थानके, किल्ले, ग्रंथालये यांचा अभ्यास करतो, आणि ज्याचा अभ्यास करावयाचा तेच टाळतो. मग भाषा त्याला सोडून जाते. वाक्य लिहावयास घेतले की शब्द विलग होतात, लिहिलेले कागद तो नष्ट करतो. पुढे लंडनच्या लिव्हरपूल स्ट्रीट स्थानकाच्या जुन्या प्रतीक्षालयात त्याला स्वतःचेच बालरूप दिसते : बाकावर बसलेला, पाय जमिनीस न पोहोचणारा मुलगा. प्रागला जाऊन जुन्या दाईशी बोलता बोलता विसरलेली चेक भाषा त्याला पुन्हा समजू लागते. स्मृती दडपून टाकण्यासाठी मनुष्याला किती विद्या लागते हे सेबाल्डने दाखविले तसे कोणी दाखविलेले नाही. टेरेझीनश्टाटच्या व्यवस्थेचे वर्णन करणारे त्याचे पानोपानी चालणारे एकच वाक्य वाचताना वाचकाचाही श्वास कोंडतो.

तरीही आमचा एक आक्षेप आहे, आणि तो किरकोळ नाही. या कादंबरीत मूल नाही. मुलाची पाठपिशवी आहे, त्याचा मुखवट्यासारखा एक फोटो आहे, प्रतीक्षालयातील प्रतिमा आहे. पण जे मूल चावते, अंथरूण ओले करते, दुसऱ्याच्या घरातील साखर चोरते, ज्याला आईचा चेहरा आठवेनासा झाला म्हणून भीती वाटते, ते मूल सेबाल्डच्या उदास, संथ, सुंदर गद्यात कोठे सापडत नाही. पन्नाशी उलटल्यावर स्मृती परत येते ती एखाद्या प्रासादाची दारे क्रमाने उघडावीत तशी. प्रत्यक्षात ती अशी येत नाही. ती तुकड्यांनी, अवेळी, आणि बहुधा चुकीच्या क्रमाने येते. येथे विप्रलंभाची भव्य वास्तू उभी राहिली आहे, पण तिच्यात राहावयास मूल आलेले नाही. वेल्समध्ये धर्मोपदेशकाच्या घरी, बदललेल्या नावाने वाढलेल्या एका खऱ्या मुलीच्या आयुष्याविषयीचा दूरचित्रवाणीपट सेबाल्डने पाहिला होता आणि त्याचा आधार आपण घेतल्याचे त्याने सांगितले होते. त्या स्त्रीने पुढे, आपले आयुष्य आपल्यापासून हिरावून घेतले गेले, अशी उघड तक्रार केली. कादंबरीकाराने वास्तवातून घेऊच नये असे कोणी म्हणणार नाही. पण जिचे नाव लहानपणी एकदा काढून घेतले होते तिची कथा पुन्हा दुसऱ्याच्या नावाने छापली गेली, ही गोष्ट कलेच्या स्वायत्ततेचे तत्त्व पुढे करून मिटत नाही.

मित्रांशी या विषयी बोलताना असे ऐकावयास मिळाले की आम्ही कलाकृतीकडून वैद्यकीय अहवालाची मागणी करीत आहोत. तसे नाही. 'उत्तररामचरिता'तील लव हा कोणत्याही अहवालावाचून जिवंत आहे. भवभूतीला ते साधले कारण त्याने कौसल्येच्या डोळ्यांतील पाणी लवाच्या डोळ्यांत घातले नाही. सेबाल्ड हे पथ्य पाळत नाही; त्याचा सगळा शोक प्रौढाचा आहे आणि तो मुलाच्या अंगावर पांघरला आहे.

तिसरे पुस्तक कादंबरी नाही, प्रबंध नाही. एक दीर्घ निबंध आहे. मेक्सिकोत जन्मलेल्या लुइसेली यांनी २०१५ मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयात दुभाषी म्हणून काम पत्करले. त्याच्या आदल्या वर्षी, ऑक्टोबर २०१३ ते सप्टेंबर २०१४ या बारा महिन्यांत, अमेरिकेच्या दक्षिण सरहद्दीवर आईबापांवाचून आलेली ६८,००० हून अधिक मुले पकडली गेली होती; पुष्कळशी ग्वाटेमाला, होंडुरास व एल साल्वाडोर येथील. प्रत्येक मुलाला एक प्रश्नपत्रिका विचारावयाची, चाळीस प्रश्नांची, आणि स्पॅनिशमधील उत्तरे इंग्रजीत लिहावयाची. निबंधाची रचना या प्रश्नांवरच उभी केली आहे. भाषांतर हा ज्यांचा विषय आहे अशा आपल्या संस्थांतील सभासदांनी तरी हे छोटे पुस्तक अवश्य वाचावे. कारण येथे भाषांतरकाराच्या हाती शब्द नसून मुलाचे भवितव्य आहे. मूल अडखळत, मागेपुढे करीत, अर्धवट बोलते. न्यायालयाला आरंभ-मध्य-अंत हवा असतो. आणि एक क्रूर उफराटा न्याय तेथे लागू होतो : मुलाने जितके भयंकर सोसले असेल तितकी त्याची बाजू बळकट. उत्तर भीषण नसेल तर वकिलाला काही करता येत नाही. दुभाषी स्त्रीच्या मनात, मुलाने काहीतरी अधिक वाईट सांगावे, अशी इच्छा उमटते आणि तिची तिलाच शरम वाटते. सेगल यांच्या गुलाबाच्या पत्राची ही नवी आवृत्ती आहे. फरक इतकाच की आता अलंकार छापील नमुन्यात मागितला जातो.

सुसंगत कथा ही सत्याची खूण मानावी काय, या प्रश्नाला वैद्यकाने स्वतंत्र उत्तर दिले आहे. ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये २००२ साली जेन हर्लिही व त्यांच्या सहकाऱ्यांनी कोसोव्हो व बोस्निया येथील प्रौढ निर्वासितांच्या दोनदा घेतलेल्या मुलाखतींचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांना आश्रय अगोदरच मिळालेला होता, तेव्हा खोटे बोलण्याचे कारण उरले नव्हते. तरी दोन कथनांत विसंगती सर्रास आढळल्या. आणि ज्यांना आघातोत्तर ताण तीव्र होता त्यांच्या कथनांत दोन मुलाखतींमधील अंतर वाढले तशा त्या वाढल्या. प्रौढांची ही गत, तर मुलांची काय असेल! आम्ही शिक्षक निबंध तपासताना 'विस्कळीत' हा शेरा ज्या सहजतेने मारतो तो शेरा मारणारा हात हे वाचल्यावर क्षणभर थांबतो.

लुइसेली यांच्या पुस्तकात ग्वाटेमालाहून आलेल्या दोन लहान बहिणी आहेत. थोरली सात वर्षांची, धाकटी पाच. आई आधीच न्यूयॉर्कला गेलेली. आजीने आईचा दूरध्वनी क्रमांक पाठ करून घेण्याचा प्रयत्न केला, पण मुलीला तो पाठ होईना. तेव्हा तिने तो झग्याच्या कॉलरच्या आतल्या बाजूस शिवून दिला व झगा अंगावरून काढू नका असे सांगितले. लुइसेलींची स्वतःची लहान मुलगी मुलींची ही कथा ऐकून पुनःपुन्हा विचारते की पुढे काय झाले, शेवट कसा होतो. लेखिकेला शेवट माहीत नाही. भरताचा निरपेक्ष-सापेक्ष हा भेद ज्या मुलीला समजणे शक्य नाही, तीच तो प्रश्न अचूक विचारते. लेखिकेने खोटा शेवट रचला नाही हा या निबंधाचा मोठा गुण. त्याचा दोष असा की यातील मुले फार क्षणमात्र दिसतात. एक उत्तर देऊन ती नाहीशी होतात आणि आपण लेखिकेच्या अस्वस्थतेपाशी उरतो. आश्रय पुन्हा मोठे माणूसच.

या सर्व चर्चेत आपला काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध आहे, आणि तो कोल्हापूरपासून चार कोसांच्या आत आहे. १९४० व ४१ साली पूर्व पोलंडमधून सोव्हिएट सत्तेने लक्षावधी लोक सायबेरिया व कझाकस्तानात हद्दपार केले. १९४१ च्या करारानंतर त्यांची सुटका झाली, तेव्हा भुकेने व रोगाने खचलेल्या आयांनी कित्येक ठिकाणी मुले अनाथाश्रमांत नेऊन सोडली. का, तर अनाथांना देशाबाहेर नेतील म्हणून. म्हणजे हिंदुस्थानात आलेली सगळीच मुले अनाथ नव्हती. काहींना जगविण्यासाठीच अनाथ केले होते. अश्काबादहून मालमोटारींनी इराणमार्गे ही मुले निघाली. पहिली तुकडी १९४२ मध्ये काही आठवडे मुंबईत वांद्र्याला राहिली, आणि मग नवानगरचे जामसाहेब दिग्विजयसिंहजी यांनी समुद्रकाठी बालाचडी येथे बांधलेल्या वसतीत गेली. १९४३ पासून वळिवडे येथे सुमारे पाच हजार पोलिश निर्वासितांची, बहुतांशी स्त्रिया व मुले यांची, वसाहत होती. १९४६ मध्ये बालाचडी बंद झाल्यावर तेथील मुलेही वळिवड्यास आली. १९४८ मध्ये तीही वसाहत उठली.

या मुलांनी म्हातारपणी ज्या आठवणी लिहिल्या त्यांविषयी टीकाकारांचा एक ठराविक अभिप्राय असतो : त्या फार गोड आहेत. जामसाहेब त्यांत पित्यासारखे येतात (वॉर्सात 'भल्या महाराजां'च्या नावाचा एक चौकही आहे), सूर्य नेहमी तळपत असतो, आंबे असतात, बालवीर पथकाची गाणी असतात. स्मृतीने दुःख गाळून टाकले, असे या अभिप्रायाचे तात्पर्य. आम्हांस हा अभिप्राय घाईचा वाटतो. बालाचडी-वळिवड्याची व्यवस्था पाहा. मुलांना विखरून वेगवेगळ्या घरांत पाठविले नाही. ती एकत्र राहिली. शाळा पोलिश भाषेत, शिक्षक पोलिश, प्रार्थना पोलिश, नाटके पोलिश. दयाळू पण परक्या स्वयंपाकघरात एकट्याने कृतज्ञ राहण्याची पाळी त्यांच्यावर आली नाही. केल्सन ज्याला तिसरा कालखंड म्हणतात तो त्यांच्या वाट्याला बरा आला. तेव्हा या आठवणींतला गोडवा खोटा मानण्याचे कारण नाही. सेगल यांच्या पुस्तकातला कडवटपणा जितका साधार तितकाच हाही साधार आहे.

जे गाळले गेले ते दुसरीकडे आहे. अश्काबादच्या दारात आईने हात सोडला तो क्षण या आठवणींत बहुधा एका वाक्यात उरकला जातो, आणि पुढचे वाक्य रेल्वेचे किंवा खाण्याचे असते. येथे आम्हांस लव आठवतो, घोडा पाहावयास पळून गेलेला. त्या वाक्यानंतरची गती हीच त्या वाक्याची व्यंजना आहे. तिला उथळपणा म्हणणे म्हणजे कौसल्येच्या जागेवरून वाचणे होय.

आणखी एक गोष्ट रचनेच्या दृष्टीने लक्षात घेण्याजोगी आहे. हिंदुस्थानात राहिलेल्या पोलिश मंडळींनी आपल्या आठवणींचा मोठा ग्रंथ मिळून तयार केला. त्यात अनेक हात आहेत, आणि लेखनाचा स्वाभाविक कर्ता 'आम्ही' हा आहे. आम्ही निघालो, आम्हांला ताप आला, आम्ही नाटक बसविले. वाङ्मयीन कसोटीला हा ग्रंथ विस्कळीत ठरेल. एकच प्रसंग तिघेजण तीन प्रकारे सांगतात व कोणी तो जुळवून घेतलेला नाही. परंतु बुलडॉग्ज बँकेतील सहा मुले ताटातली पोळी जशी शेजाऱ्याकडे सरकवीत तसे येथे एकाचे वाक्य दुसरा पुरे करतो. एकाला आईचा चेहरा आठवत नाही. दुसऱ्याला त्याच्या आईचा कोट आठवतो.